गोखल्यांची सहा कलमे आणि आजचा ‘प्रायोजक’ मालक : परदेशी रोजगारविषयक नियमांची एक चिकित्सा

४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात भरलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी एक ठराव मांडला. कराराने बांधून हिंदी मजुरांची भरती करण्याची पद्धत, मग ती देशांतर्गत कामासाठी असो वा ब्रिटिश वसाहतींतील कामासाठी, यापुढे बंद करावी अशी त्या ठरावाची मागणी होती. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा गोखल्यांचा ठराव सरकारने स्वीकारला होता आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंदही झाली होती. १९१२ चा व्यापक ठराव मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. ही भरती अखेर थांबली ती १९१७ मध्ये, गोखल्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

ठराव पडला, परंतु त्या भाषणातील एक विवेचन टिकून राहिले. करारबद्ध मजुरीचा निषेध करताना गोखल्यांनी केवळ करुणेला आवाहन केले नाही; त्यांनी पद्धतीची रचनाच सहा कलमांत उलगडून दाखवली. मजुराला दूरच्या, अपरिचित देशात नेले जाते. तेथील भाषा व चालीरीती त्याला ठाऊक नसतात. ज्या मालकाच्या हाती त्याला सोपवले जाते त्याच्या निवडीत मजुराचा काडीइतकाही वाटा नसतो. मालकाच्याच मळ्यावर राहण्याचे, परवानगीवाचून बाहेर न जाण्याचे आणि सांगितलेले कोणतेही काम करण्याचे त्याच्यावर बंधन असते. ठरावीक मुदतीपूर्वी, बहुधा पाच वर्षांपर्यंत, त्याला करारातून स्वेच्छेने बाहेर पडता येत नाही. वेतन ठरलेले असते आणि ते आसपासच्या मोकळ्या मजुरांच्या वेतनाहून कमी असते. शेवटचे कलम गोखल्यांना सर्वांत वाईट वाटले: मजुराला एका खास कायद्याखाली आणले जाते, तो कायदा निघण्यापूर्वी त्याला समजावून दिला जात नाही, तो त्याला न समजणाऱ्या भाषेत असतो, आणि कराराच्या क्षुल्लक भंगालाही त्यात दिवाणी जबाबदारीऐवजी फौजदारी शिक्षा असते.

परदेशी कर्मचारी नेमणाऱ्या मालकांवर आजची राज्ये जी कर्तव्ये लादतात, त्या कर्तव्यांची परीक्षा या सहा कलमांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा परीक्षेची गरज शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी अधिक आहे. या परिसरातून दोन स्थलांतरे होतात. एक जुने: दिवाळीच्या आगेमागे शेवगाव-पाथर्डी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमामार्फत पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. दुसरे नवे: पदवी, परिचर्या वा आयटीआयचे प्रमाणपत्र हाती आलेला विद्यार्थी आखातातील, युरोपातील किंवा अमेरिकेतील नोकरीची चौकशी करीत प्राध्यापकांकडे येतो. पहिल्या स्थलांतरावर आपल्याकडे काही प्रमाणात लिहिले गेले. दुसऱ्याकडे पाहताना अजूनही आपली दृष्टी सत्कार-समारंभाची असते. विमानतळावरचे छायाचित्र महाविद्यालयाच्या फलकावर लागते. त्या मुलाच्या व्हिशावर मालकाचे नाव का छापलेले आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रथम शब्दाविषयी. ‘प्रायोजक’ हा शब्द सर्वसामान्य मराठी वाचकाच्या कानावर आला तो दूरदर्शनवरील कार्यक्रमांमुळे. पैसे देऊन कार्यक्रम शक्य करणारा तो प्रायोजक. त्यामुळे परदेशी कंपनीने एखाद्याला ‘स्पॉन्सर’ केले म्हणजे त्याच्यावर उपकार केला, असा भाव या शब्दाला आपोआप चिकटतो. वस्तुतः ‘स्पॉन्सर’ या शब्दाच्या मुळाशी वचन देणे, हमी घेणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आखाती देशांतील ‘कफाला’ हा अरबी शब्दही हमीचाच. अनाथ बालकाचा सांभाळ स्वीकारण्यालाही हाच शब्द वापरतात. दोन्ही शब्दांत ‘जामीन राहणे’ हा भाव मुख्य आहे. मग जामीन कोणाला? येथेच खरी मेख आहे. प्रायोजक मालक हमी देतो ती राज्याला. ज्याच्याविषयी हमी दिली जाते तो कामगार त्या व्यवहारात पक्षकार नसून विषय असतो. ‘गिरमिट’ हा शब्द तर ‘अॅग्रीमेंट’चा अपभ्रंश, निदान नावापुरता तरी तो दोन पक्षांमधला करार होता. मराठीत सुताराच्या भोक पाडण्याच्या हत्यारालाही गिरमिट म्हणतात, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

हमी राज्याला असल्यामुळे प्रायोजकाच्या कर्तव्यांचे दोन वेगळे गट पडतात आणि नियमांच्या मजकुरात ते एकमेकांत मिसळलेले आढळतात. एक गट पाळत ठेवण्याचा: कर्मचारी रुजू झाला का, गैरहजर आहे का, त्याचा पत्ता कोणता, वेतन बदलले का, हे सरकारला कळवणे. दुसरा गट सांभाळण्याचा: ठरलेले वेतन देणे, भरतीचा खर्च त्याच्या माथी न मारणे, परतीच्या प्रवासाची व्यवस्था करणे. दोहोंनाही ‘कर्तव्य’ असेच म्हटले जाते. पहिल्या गटातील कर्तव्य चुकले तर तक्रारदार म्हणून राज्य उभे असते. दुसऱ्या गटातील कर्तव्य चुकले तर तक्रार करायची कामगाराने, आणि त्याचा त्या देशात राहण्याचा अधिकार ज्या मालकाच्या कागदावर टेकलेला आहे त्याच मालकाविरुद्ध. कोणत्याही प्रायोजकत्वाच्या नियमावलीची कसोटी येथे लागते: तक्रार करणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होते?

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्याजोगे आहे. तेथे २००८ पासून गुणांकनावर आधारित पद्धतीत मालकाने प्रथम प्रायोजक-परवाना घ्यायचा, नंतर प्रत्येक परदेशी कर्मचाऱ्यासाठी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यायचे, अशी रचना रूढ झाली. प्रायोजकाने कोणती कागदपत्रे किती काळ जपावीत याची स्वतंत्र यादीच आहे. कर्मचारी सलग दहा कामाच्या दिवसांहून अधिक विनापरवानगी गैरहजर राहिला तर ते गृहखात्याला कळवावे लागते. कामाचा अधिकार नसलेल्या व्यक्तीला नेमल्यास फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी प्रत्येक व्यक्तीमागे ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पाळतीच्या गटातील कर्तव्ये अशी काटेकोर, आकडेबद्ध, दिवस मोजून सांगितलेली आहेत.

सांभाळाच्या गटाचे काय झाले, ते वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या ‘केअर वर्कर’ या वर्गाच्या इतिहासात दिसते. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये हे काम आरोग्य व शुश्रूषा व्हिशाच्या कक्षेत घेण्यात आले. भारतासह अनेक देशांतून लोक गेले. कित्येकांनी एजंटांना मोठ्या रकमा मोजल्या. तेथे पोचल्यावर काहींना आढळले की परवानाधारक संस्थेकडे काम नाही, किंवा कागदावर लिहिले तेवढे तास नाहीत. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश गृहखात्याने या क्षेत्रातील ४७० हून अधिक परवाने रद्द केले, आणि त्या परवान्यांशी जोडलेल्या कामगारांची संख्या सुमारे ३९ हजार होती. कायद्याचे हात लांब असतात हे सिद्ध झाले. पण पोचले कोठे? मालकाने कर्तव्य मोडले म्हणून मालकाचा परवाना गेला, आणि परवाना रद्द झाला म्हणून कामगाराच्या वास्तव्याची मुदत आटली. अशा वेळी नवा प्रायोजक शोधण्यासाठी साधारणतः ६० दिवस मिळतात. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच घरात शिक्षेचा दुसरा हप्ता पोचतो. पुढे मार्च २०२४ पासून या वर्गाला कुटुंबीयांना बरोबर आणण्यास मनाई झाली, एप्रिल २०२५ पासून नव्या भरतीपूर्वी देशातच असलेल्या अशा विस्थापित कामगारांचा विचार करणे संस्थांना बंधनकारक झाले, आणि २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून नव्या केअर वर्करची भरती बंद झाली. एप्रिल २०२५ चा नियम शहाणपणाचा होता. तो तीन वर्षे अगोदर असता तर अनेकांचे संसार वाचले असते.

गोखल्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या कलमांचे रूपांतर येथे स्पष्ट होते. आजचा कामगार मालक स्वतः निवडतो, मुलाखत देतो, नियुक्तिपत्रावर सही करतो. त्यामुळे ‘निवडीत वाटा नाही’ हे वर्णन त्याला लागू पडत नाही. त्याला नाकारलेले स्वातंत्र्य वेगळे आहे: एकदा निवडलेला मालक सोडून देण्याचे. ब्रिटनमध्ये मालक बदलायचा तर नव्या प्रायोजकाचे प्रमाणपत्र आणि नवा अर्ज लागतो. करारातून बाहेर पडण्यास कायद्याने मनाई नाही. बाहेर पडल्यावर उभे राहण्यास जमीन मात्र नाही.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा मराठी मध्यमवर्गाच्या अधिक परिचयाचा. १९९० च्या कायद्याने तो आजच्या रूपात आला. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. पुण्या-मुंबईच्या संगणक व्यवसायाने या व्हिशाभोवती एक संपूर्ण जीवनक्रम उभा केला. नियमांचा मजकूर वाचला तर सांभाळाच्या गटातील कर्तव्ये येथे ब्रिटनपेक्षा ठोस आहेत, हे मान्य करावे लागते. मालकाला श्रमखात्यापुढे लेखी ग्वाही द्यावी लागते: त्या भागातील प्रचलित वेतन किंवा स्वतःच्या कंपनीतील तत्सम कर्मचाऱ्याचे वेतन, यांपैकी जे अधिक ते दिले जाईल, परदेशी माणूस आल्याने इतरांच्या कामाच्या परिस्थितीवर प्रतिकूल परिणाम होणार नाही, त्या कामाच्या जागी संप वा टाळेबंदी नाही, आणि या अर्जाची सूचना तेथील कर्मचाऱ्यांना दिलेली आहे. या ग्वाहीची प्रत कर्मचाऱ्याला रुजू होण्याच्या दिवसापर्यंत मिळाली पाहिजे. काम नाही म्हणून कर्मचाऱ्याला बिनपगारी ‘बेंच’वर बसवता येत नाही. मुदतीपूर्वी कामावरून काढले तर मायदेशी परतण्याच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा. २००० सालच्या दुरुस्तीने तर नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच त्याच्याकडे काम सुरू करण्याची मुभा दिली. गोखल्यांच्या काळातील मळेवाल्याला हे सारे स्वप्नवत वाटले असते. म्हणूनच एच-१बी ला ‘आधुनिक गिरमिट’ म्हणून मोकळे होणारी विधाने, जी परिसंवादांतून अधूनमधून ऐकू येतात, ती शब्दांची उधळपट्टी आहे. कराराच्या भंगासाठी तुरुंगात जाणारा मजूर आणि गृहकर्जाचा हप्ता मोजणारा अभियंता यांना एकाच शब्दात बसवल्याने दोघांचेही दुःख धूसर होते.

तरीही दोरी तुटलेली नाही. नोकरी सुटली की २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवधी मिळतो. सहा वर्षांच्या मर्यादेनंतर मुदतवाढ मिळते ती मालकाने दाखल केलेल्या कायम वास्तव्याच्या अर्जाच्या आधारावर, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना रोजगाराधारित ग्रीनकार्डांचा साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे. ज्या घरात मुलगी तेथील शाळेत दहावीला पोचलेली आहे, तेथे ६० दिवसांचा अर्थ निव्वळ नोकरी शोधण्याचा नसतो. अशा स्थितीत वेतनाविषयी तक्रार करण्याचा अधिकार कागदावर पूर्ण असतो. तो वापरण्याची किंमत मात्र कोणत्याही नियमात लिहिलेली नसते. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या घोषणापत्राने देशाबाहेरील व्यक्तींसाठी केलेल्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला. प्रायोजकाच्या कर्तव्याची भाषा येथे सरळ किमतीच्या भाषेत उतरली. इतका पैसा ओतून आणलेल्या कर्मचाऱ्याकडे मालक कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार त्या घोषणापत्रात नाही.

जर्मनीची वाट थोडी निराळी आहे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ती आता दूरची राहिलेली नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याविषयी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० उमेदवारांचे उद्दिष्ट जाहीर झाले. तेथील ‘ब्लू कार्ड’धारकाला पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते, आणि ते कार्यालय तो बदल ३० दिवसांपर्यंत थांबवून तपासू शकते, बारा महिन्यांनंतर हे बंधन सुटते. मालकाशी बांधण्याची मुदत मोजकी आणि उघड सांगितलेली असावी, हे तत्त्व या तरतुदीत दिसते. राज्य शासनाच्या पातळीवर मनुष्यबळाची बोलणी होतात तेव्हा संख्येच्या आधी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे की आपला उमेदवार मालकाशी किती महिने बांधलेला राहील. १०,००० हा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. बारा हा आकडा फारसा कोणाच्या बोलण्यात आला नाही.

आखाताकडे वळले की गोखल्यांचे तिसरे कलम जवळजवळ शब्दशः भेटते. रत्नागिरी-रायगडच्या अनेक गावांची घरे आखाती पैशावर उभी राहिली, हे सर्वज्ञात आहे. कफाला पद्धतीत देश सोडण्यासाठीही कफीलची परवानगी लागे. कतारने २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांसाठी आणि २०२० च्या प्रारंभी घरकामगारांसह इतरांसाठी ही निर्गमन-परवानगी रद्द केली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये नोकरी बदलताना मालकाच्या ‘ना हरकत’ पत्राची अटही गेली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही सुधारणा केल्या; घरकामगारांना मात्र त्यांतून वगळले. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कामगार पळून गेल्याची नोंद करण्याचे, अरबीत ज्याला ‘हुरूब’ म्हणतात ते, हत्यार मालकाच्या हाती राहिले. परवानगीवाचून मळा सोडणाऱ्या गिरमिटियाला पकडण्याची तरतूद आणि हुरूबची नोंद यांच्यातील अंतर तपासून पाहण्यासारखे आहे. ते फार मोठे नाही. निवासाचेही तसेच. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४० हून अधिक भारतीय कामगार मृत्युमुखी पडले. कामगाराची राहण्याची जागा मालकाच्या अखत्यारीत असली की घराविषयीची तक्रारही नोकरीविषयीची तक्रार होऊन बसते.

वेतनाच्या पाचव्या कलमावर थोडक्यात. येथे दोष नेहमी परक्या मालकाचाच असतो असे नाही. आखातातील भारतीय कामगारांसाठी भारत सरकारच किमान संदर्भ-वेतन ठरवते. महासाथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, नोकऱ्या टिकाव्यात या हेतूने सहा आखाती देशांसाठी हे वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले गेले. टीका झाल्यावर जुलै २०२१ मध्ये ते पूर्ववत झाले. मधल्या दहा महिन्यांत सह्या झालेल्या करारांचे काय झाले, हा प्रश्न संशोधनाची वाट पाहत आहे.

गोखल्यांच्या सहा कलमांत एक गोष्ट नाही, आणि हे न्यून आजच्या संदर्भात नोंदवणे भाग आहे. त्यांच्या यादीत कर्ज नाही. कारण उघड आहे: गिरमिटियाचा जहाजाचा खर्च मळेवाला करीत असे, मजुराला फुकट नेले जाई आणि फुकट नेल्याची किंमत पाच वर्षे वसूल केली जाई. आज उलट झाले आहे. परदेशी जाणारा कामगार आपल्याच बंधनाचा खर्च स्वतः उचलतो. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखालील नियमांनुसार नोंदणीकृत भरती-एजंटाला कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. प्रत्यक्षात किती घेतले जाते, ते गावोगावी लोकांना ठाऊक असते आणि पावतीवर कधी येत नाही. शेवगाव-पाथर्डीच्या वाचकाला यातील यंत्रणा समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादम टोळीला ‘उचल’ देतो, कोयत्यामागे हिशोब मांडतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही म्हणून पुढच्या हंगामाचा अंगठा आधीच घेतलेला असतो. उचल आणि एजंटाचे शुल्क यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. एकात पैसा मजुराकडे येतो, दुसऱ्यात मजुराकडून जातो. परिणाम मात्र एकच. शेत गहाण टाकून गेलेला तरुण पहिल्या महिन्यात अर्धा पगार मिळाला तरी परत येऊ शकत नाही, कारण गावात सावकार उभा असतो. कायद्याने बांधण्याची गरजच उरत नाही. ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत काही शुल्के कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. पण ती मनाई मालकाच्या खिशापुरती. पुण्यातील, मुंबईतील वा नगरमधील मध्यस्थाच्या खिशापर्यंत त्या देशांचा कायदा पोचत नाही.

मग आपला कायदा कोठपर्यंत पोचतो? १९८३ च्या अधिनियमात ‘उत्प्रवासी संरक्षक’ नावाचा अधिकारी आहे. मुंबईत त्याचे कार्यालय आहे. दहावी उत्तीर्ण नसलेली व्यक्ती ठरावीक १८ देशांत कामासाठी जात असेल तर या अधिकाऱ्याची अनुमती लागते आणि परदेशी मालकाची व कराराची नोंद सरकारी ‘ई-मायग्रेट’ प्रणालीवर होते. दहावी झालेल्याला ही अनुमती लागत नाही. या तरतुदीमागील गृहीतक महाविद्यालयीन शिक्षकांनी तपासून पाहावे असे आहे: शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला स्वतःचे रक्षण करता येते, असे कायदा मानतो. म्हणजे आपल्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी या संरक्षकाच्या दृष्टीआड आहे. ब्रिटन, जर्मनी व अमेरिका तर त्या १८ देशांच्या यादीतच नाहीत. ज्यांनी परवाना गेलेल्या शुश्रूषा-संस्थांचा अनुभव घेतला ते शिकलेले लोक होते. परदेशी करार, प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र, वेतनातून होणाऱ्या कपातीचे कलम वाचण्याची तयारी दहावीच्या नव्हे, पदवीच्याही अभ्यासक्रमात कोठे आहे? गोखल्यांचे सहावे कलम येथे दारात येऊन उभे राहते. न समजणाऱ्या भाषेतील, कोणी न समजावलेला कायदा: फौजदारी शिक्षेचा भाग गळून पडला, उरलेला भाग तसाच आहे. २०२५ च्या उत्तरार्धात परराष्ट्र मंत्रालयाने जुन्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी परदेशी गतिशीलता (सुलभता व कल्याण) विधेयकाचा मसुदा मतांसाठी प्रसिद्ध केला. नावातच दृष्टिकोन बदललेला दिसतो. गतिशीलता सुलभ करणे इष्ट खरे. पण ज्याचा पाय मालकाच्या कागदात अडकलेला आहे त्याला सुलभतेइतकीच सोडवणुकीची तरतूद हवी.

भाषेच्या मुद्द्यावर एक जुनी भारतीय तरतूद आठवते. १९७९ च्या आंतरराज्यीय स्थलांतरित कामगार अधिनियमाने कंत्राटदारावर असे बंधन घातले होते की प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात काम, मुदत, वेतन व दिलेली उचल यांची नोंद असावी, आणि ते हिंदी व इंग्रजीबरोबरच कामगाराच्या स्वतःच्या भाषेतही असावे. मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी अधिक असेल तेवढा विस्थापन-भत्ताही देय होता व तो परत मागता येत नसे. गोखल्यांच्या सहाव्या कलमाला स्वतंत्र भारताने दिलेले याहून नेमके उत्तर दुसरे आढळत नाही. शेवगावकडून महाराष्ट्रातच जाणाऱ्या टोळ्या या कायद्याच्या बाहेर होत्या. कर्नाटकात जाणाऱ्यांना तो तत्त्वतः लागू होऊ शकत होता. मुकादम कंत्राटदार आहे की मजुरांपैकीच एक, या वादात मुख्य मालकाची, म्हणजे कारखान्याची, जबाबदारी विरघळून जात राहिली. परदेशी नोकरीत एजंट आणि प्रायोजक यांच्यामध्ये जबाबदारी अशीच हरवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता लागू झाली आणि १९७९ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. प्रवासभत्ता नव्या संहितेत राहिला; विस्थापन-भत्ता गेला.

आणि आता भारतही परदेशी कर्मचाऱ्यांचा यजमान आहे, याचा विसर पडू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ ने १९२० ते २००० या काळातील चार कायदे मोडीत काढून एकच चौकट उभी केली. भारतातील रोजगार-व्हिसा मिळण्यासाठी काही अपवाद वगळता वार्षिक १६.२५ लाख रुपयांचे किमान वेतन असावे लागते. अपवादांत विशिष्ट देशीय खाद्यपदार्थ बनवणारे आचारी आणि भाषाशिक्षक येतात. किमान वेतनाची ही अट स्थानिकांचा रोजगार सुरक्षित राहावा म्हणून. परदेशी आचाऱ्याचे वेतन सुरक्षित राहावे म्हणून नव्हे. नव्या अधिनियमात परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या शैक्षणिक संस्थांवर, परदेशी रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांवर आणि निवासाची सोय करणाऱ्यांवर माहिती कळवण्याची कर्तव्ये आहेत. पाळतीच्या गटातील कर्तव्यांची ही वाढ ब्रिटनच्याच वाटेने जाते. पुण्यातील अनेक महाविद्यालयांतून आफ्रिकी व पश्चिम आशियाई देशांतील विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. त्यांच्या संदर्भात प्राचार्य हा आता कायद्याने कळवणारा अधिकारी आहे. त्या विद्यार्थ्याला घरमालकाने अनामत रक्कम परत केली नाही, किंवा शुल्काची पावती दिली गेली नाही, तर त्याने कोणाकडे जावे आणि गेल्यावर त्याच्या निवास-नोंदणीचे काय व्हावे, याविषयी तोच प्राचार्य कोणत्या कलमाकडे बोट दाखवील?